विरारच्या गाडीत तिची किट बॅग कुठे?

खेळणाऱ्या मुलींचं कौतुक आता सगळेच करतात. पण मैदान, वेळ, बूट, प्रशिक्षक आणि घरी परतायची सोय, या सगळ्याची जबाबदारी कोण घेतं? मुंब्र्यात आणि म्हसवडमध्ये काहींनी ती घेतली. आपल्या वसई-विरारमध्ये कोण घेणार?

पहाटेच्या विरार-चर्चगेट लोकलसाठी तुम्ही कधी प्लॅटफॉर्मवर उभे राहिला असाल, तर हा मुलगा तुम्हाला माहीत असणार. वय बारा-तेरा, डोळ्यांत झोप आणि खांद्यावर स्वतःहून मोठी किट बॅग. सोबत एका हातात डबा धरलेले बाबा. गाडी लागली की दोघं जनरलच्या दिशेनं पळतात. मी लेडीज डब्याकडे वळते.

या मुलाची गोष्ट आपल्याकडे पाठ आहे. पृथ्वी शॉ असाच विरारहून वडिलांबरोबर वांद्र्याला जायचा. २०१३ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये त्यानं एका डावात ५४६ धावा केल्या तेव्हा अख्ख्या विरारनं पेपर कापून ठेवला होता. पालघरचा शार्दूल ठाकूरही लोकलनं मुंबईत खेळायला यायचा. पुढे दिनेश लाड सरांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत आणलं आणि आपल्या घरी ठेवून घेतलं. दोघंही भारताकडून कसोटी खेळले. त्यामुळे आमच्या भागात मुलगा बरा खेळत असेल तर शेजारचे काकासुद्धा म्हणतात, "मुंबईला घेऊन जा त्याला. शार्दूल बघा."

आता या गोष्टीत मुलाच्या जागी मुलगी ठेवा. पहाटे चारला उठलेली, रोज अप-डाउन करणारी, रात्री नवाच्या गर्दीत परतणारी मुलगी. कोचच्या घरी राहायला निघालेली मुलगी. सोसायटीच्या गेटवर काय काय बोललं जाईल, ते मी लिहायला नको.

मी चार वर्षं याच गाडीनं कॉलेजला ये-जा केली. लेडीज डब्यात भाजीच्या पिशव्या, डबे, लॅपटॉप, क्रोशाचे गुंडे, मोगऱ्याचे गजरे असं सगळं पाहिलं. बाळंतपणाच्या रजेवर निघालेल्या ताईंचं डोहाळजेवणही पाहिलं. क्रिकेटची किट बॅग एकदाच दिसली. तिला रॅकवर जागा नव्हती आणि त्या मुलीला दादरपर्यंत 'हे काय घेऊन चढलीस गं' ऐकावं लागलं. बायकांनी कामाला जायचं हे रेल्वेनं केव्हाच मान्य केलंय. जगातली पहिली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली धावली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. खेळायला जायचं हे मान्य व्हायला जरा जास्तच वेळ लागतोय.

आठवीतला खो-खो

मी स्वतः आठवीपर्यंत खो-खो खेळायचे. पोल डाइव्ह मला बरी जमायची, असं आमच्या बाई म्हणायच्या. मग सराव शाळा सुटल्यानंतर, साडेपाचनंतर सुरू झाला. मैदानाजवळचं मुलींचं टॉयलेट शाळा सुटली की कुलूपबंद. पाळी सुरू झालेली, त्यात पांढरी हाफ पँट. मी घरी 'अभ्यास आहे' म्हणून सांगितलं आणि टीम सोडली. कुणी मला 'खेळू नकोस' म्हटलं नव्हतं. आजही आई म्हणते, "तुलाच नको होतं ना?" आणि तिचं चूकही नाही.

हा लेख लिहायचा म्हणून मी शाळेतल्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर विचारलं, 'तुम्ही खेळ का सोडला?' उत्तरं वाचून वाटलं, सगळ्यांनी माझंच उत्तर कॉपी केलंय. वेळ, टॉयलेट, कपडे, सोबतीला कुणी नाही. एकीनं लिहिलं, 'भाऊ न्यायला यायचा, तो कंटाळला.' आमच्या टीममधल्या निम्म्या मुलींचा खेळ कुणाच्याही बंदीशिवाय सुटला. बंदी असती तर भांडता तरी आलं असतं.

म्हणून 'मुलींनी खेळावं' अशा भाषणांपेक्षा मला दुसऱ्याच लोकांमध्ये रस आहे. टॉयलेटची चावी, मैदानाची वेळ, घरी सोडायला येणारी रिक्षा आणि या सगळ्याचं बिल यांचा हिशोब मांडणारे लोक. अशांना हल्ली सामाजिक उद्योजक म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा. प्रश्न समाजाचा, पण तो सोडवण्याची पद्धत धंद्यासारखी काटेकोर. रोज दुकान उघडायचं आणि उद्याही ते उघडं राहील याची सोय आजच करायची.

दिव्याच्या गाडीनं, एक स्टेशन मागे

पहिलं उदाहरण आपल्यापासून फार लांब नाही. वसई रोडहून दिव्याची गाडी पकडायची. दिवसातून मोजक्याच असतात, तेव्हा वेळापत्रक बघून निघा. जूचंद्र, कामण, भिवंडी करत ती दिव्याला पोहोचते. तिथून ठाण्याच्या दिशेला पुढचंच स्टेशन मुंब्रा.

१९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं इथं राहायला आली. डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये इमारती उठत गेल्या, गल्ल्या अरुंद झाल्या आणि मोकळ्या जागा संपत आल्या. उरलेल्या जागेवर मुलं क्रिकेट खेळायची. नालासोपाऱ्यात राहणाऱ्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

२०१२ च्या सुमाराला इथं मुलींचं फुटबॉल सुरू झालं. मॅजिक बस ही संस्था प्रशिक्षण द्यायला तयार होती. प्रश्न होता मुली गोळा करण्याचा. सबाह खान आणि त्यांच्या सहकारी घरोघरी फिरल्या, आयांशी बोलल्या, वडिलांशी बोलल्या. सुरुवातीला चाळीसेक मुली जमल्या. यातूनच 'परचम' ही संस्था उभी राहिली. परचम म्हणजे झेंडा.

खेळ फुटबॉलच का निवडला असेल? मला यातली खोच आवडली. बॅडमिंटन कोपऱ्यात होतं, कॅरम घरात होतो. फुटबॉलला अख्खं मैदान लागतं. त्यात धावावं लागतं, धक्का द्यावा लागतो, मोठ्यानं ओरडून पास मागावा लागतो. मुलींना लहानपणापासून जे जे करू नको म्हणून सांगितलं जातं, ते सगळं फुटबॉलच्या नियमातच बसतं.

मग मैदानाचा प्रश्न आला. मुली खेळायला उतरल्या की बघ्यांची गर्दी व्हायची आणि मुलांचा खेळ आधीपासून चालू असायचा. यावर संस्थेनं जे केलं, ते कुठल्याही इव्हेंट मॅनेजरनं शिकून घ्यावं. खेळणाऱ्या मुलींनीच सह्यांची मोहीम काढली. दारोदार जाऊन मुलींसाठी राखीव मैदान हवं म्हणून शेकडो सह्या गोळा केल्या आणि ते निवेदन स्थानिक आमदार जितेंद्र आव्हाड यांना दिलं. पाठपुरावा बराच काळ चालला. शेवटी मुलींना खेळायला राखीव जागा मिळाली.

मला यात गोलपेक्षा सह्या महत्त्वाच्या वाटतात. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी अनोळखी दार ठोठावते, दारातल्या काकांना सांगते की मला खेळायला जागा हवीय आणि तुमची सही पाहिजे. दहा दारं बंद होतात, अकरावं उघडतं. ज्या मुलीनं हे केलंय, तिच्या लग्नाचा विषय घरात दहावीनंतर निघाला तर ती गप्प बसेल असं मला वाटत नाही. संस्थेनं मुलींसाठी वाचनालयही काढलं आणि त्याला फातिमा शेख आणि सावित्रीबाई फुले या दोघींची नावं दिली. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा मैदानाचा प्रश्न कुणाच्या मनातही नसेल. पण दगड-शेण अंगावर घेत रस्त्यावरून चालत जाणं हा जागेवरचाच हक्क होता की.

पण पैसे?

इथं माझ्या बाबांचा आवडता प्रश्न येतो, "हे सगळं ठीक आहे, पण चालतं कशावर?"

बहुतेक संस्था देणग्यांवर आणि कंपन्यांच्या सीएसआरवर चालतात. त्यात वाईट काही नाही. गंमत अशी की सीएसआरला फोटो लागतो. रंगीत जर्सी, हातात बॉल, मागे बॅनर. तीन वर्षांचा प्रकल्प संपला की जर्सी राहते, कोच जातो. मुलगी मात्र तेव्हा कुठे पंधरा वर्षांची झालेली असते, म्हणजे खेळ सुटण्याच्या अगदी ऐन वयात.

म्हणून मला सातारा जिल्ह्यातलं म्हसवड वेगळं वाटतं. माण तालुका, कायमचा दुष्काळी. चेतना सिन्हा यांनी इथं बायकांसाठी बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. आम्ही शिकलो नाही कारण गावात शाळाच नव्हती, पण व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, असं त्यांनी तिथं ऐकवल्याचं चेतनाताईंनीच जाहीर भाषणात सांगितलंय. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

बँकेचा आणि खेळाचा संबंध काय? तोच तर मुद्दा आहे. माणदेशीनं आधी आईला गाठलं. तिचं खातं, तिचं कर्ज, तिचा धंदा. मग शाळा लांब म्हणून मुली घरी बसतात हे दिसल्यावर मुलींसाठी सायकली आल्या. आणि त्याच माणदेशी फाउंडेशननं पुढे 'माणदेशी चॅम्पियन्स' हा खेळांचा उपक्रम सुरू केला. त्याची धुरा चेतनाताईंचे चिरंजीव प्रभात सिन्हा यांनी घेतली. धावणं, हॉकी, कुस्ती असे खेळ तिथल्या मुली शिकतात. ज्या घरात आईच्या हातात पासबुक आहे, त्या घरात मुलीच्या बुटांसाठी पैसे मागायचं एक माणूस वाढलेलं असतं. बाबांच्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे सापडलं नाही.

याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. तिची सुरुवातही खो-खोनं झाली. (हे वाचून मला उगीच बरं वाटलं.) मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिनं सलग तीन वर्षं पहिला नंबर काढला आणि मग ती ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळली. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. २०१५ मध्ये ती आशियाई विजेती झाली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचून दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय महिला ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या शर्यतीची फायनल धावत होती. पुढे राज्य सरकारनं तिला उपजिल्हाधिकारी पदावर घेतलं.

शेवटचं वाक्य आई-वडिलांसाठी पदकापेक्षा मोठं आहे, हे कबूल करू या. आपल्याकडे सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीत मुलींना १०० मीटर आणि ८०० मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो. पहाटे वसई-विरारच्या रस्त्यांवर ज्या मुली पळताना दिसतात, त्यातल्या बऱ्याच जणींच्या डोळ्यांसमोर ऑलिंपिक नसतं, खाकी असते. काही लोक याला नाक मुरडतात, 'खेळासाठी खेळ' वगैरे. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. पगाराची पावती हातात आली की घरातलं स्थान बदलतं, हे लेडीज स्पेशलमधल्या कुणालाही विचारा.

कोच कोण, यावर बरंच काही

आणखी एक उदाहरण महाराष्ट्राबाहेरचं. झारखंडमध्ये रांचीजवळ 'युवा' नावाची संस्था २००९ पासून मुलींना फुटबॉल शिकवते. तिची युक्ती साधी आहे. आधी खेळलेल्या मुलीच धाकट्यांच्या कोच होतात. त्यामुळे बाहेरचा सर येणार की नाही हा प्रश्न संपतो, पालकांची काळजी कमी होते आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला खेळात टिकून राहायचं कारण मिळतं. २०१९ मध्ये या संस्थेला खेळातून समाजकार्यासाठीचा लॉरियस पुरस्कार मिळाला. आपल्या नागपूरच्या विजय बारसे सरांचं 'स्लम सॉकर' तर 'झुंड'मुळे सगळ्यांना माहीत झालंय. २०१६ मध्ये त्यांना फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला होता, हे मात्र सिनेमा बघून आलेल्या माझ्या ग्रुपमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि हो, सगळं संस्थांनीच करायचं असंही नाही. अमेरिकेत १९७२ मध्ये कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलामुलींत भेदभाव करायचा नाही. खेळातही नाही. त्याआधी तिथं हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली ३ लाखांच्या आत होत्या, आता ३० लाखांच्या वर आहेत. मुलींना अचानक खेळाची आवड लागली असं काही झालं नव्हतं. मैदानाची दारं उघडली, एवढंच.

आता आपल्याकडे

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारतीय मुलींनी वर्ल्ड कप जिंकला आणि आमच्या सोसायटीत फटाके वाजले. त्याआधी सेमीफायनलला मुंबईच्या जेमिमानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या होत्या. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत प्रियांका इंगळेच्या टीमनं खो-खोचा पहिला वर्ल्ड कप घेतला होता, तेव्हा फटाके नव्हते, पण मी एकटीनं स्टेटस ठेवला होता. फायनलच्या दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची सातवीतली मुलगी बॅट घेऊन मैदानावर गेली. पंधरा मिनिटांत परत आली. मुलं म्हणाली, "टीम फुल आहे."

वसई-विरारमध्ये खेळ नाही असं कुणी म्हणणार नाही. दर डिसेंबरात वसई तालुका कला क्रीडा महोत्सव होतो, मॅरेथॉन होते, कबड्डीच्या स्पर्धांना गावंच्या गावं लोटतात. मुली त्यात असतात आणि जिंकतातही. पण स्पर्धेचा दिवस आणि रोजची संध्याकाळ यात फरक आहे. बारा लाखांच्या वर लोकवस्तीच्या (हा आकडाही २०११ चा) या शहरात रोजच्या संध्याकाळी मैदानं कुणाच्या ताब्यात असतात ते फिरून बघा. खासगी अकॅडमी आहेत, पण फी भरायची वेळ आली की दोन मुलांच्या घरात आधी कुणाचं नाव येतं?

आणि तरी इथं सामान सगळं आहे. शाळांची मैदानं संध्याकाळी रिकामी असतात. पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या, शिकवू शकतील अशा तरुण मुली आहेत आणि त्यांना थोडी कमाई हवीही आहे. बचत गट गल्लोगल्ली आहेत. मुंब्र्याकडून सह्या घ्या, म्हसवडकडून आयांचा गट घ्या, रांचीकडून कोच. या तीन गोष्टी एकत्र जोडणारं कुणीतरी लागेल. मास कॉमची डिग्री यात किती उपयोगी पडेल मला माहीत नाही.

पण ती मुलगी पंधरा मिनिटांत परत आली, ते मला लागलं. खो-खोला बॉल लागत नाही, बॅट लागत नाही. दोन खांब आणि चुना. हार्डवेअरच्या दुकानातून चुन्याची पिशवी आणली, खांबांच्या जागी दोन प्लास्टिकचे ड्रम ठेवले आणि मुलांशी बोलले. त्यांचा कॅप्टन अकरावीतला, तसा समजूतदार. "ताई, सहा ते सात घ्या, मग लाइट लागले की आम्ही," म्हणाला. पहिल्या दिवशी पाच जणी आल्या. खो-खोला एका बाजूला नऊ लागतात, म्हणून आम्ही तीनच पाट्या बसवून खेळलो. दुसऱ्या आठवड्यात अकरा झाल्या. दोघींच्या आया कट्ट्यावर येऊन बसल्या, भाजी निवडायला घेऊन. त्यातल्या एका काकूंनी चौथ्या दिवशी विचारलं, "आम्ही लहानपणी लंगडी खेळायचो. ती चालेल का इथं?" खेळलो. काकू पदर खोचून आल्या आणि तिघींना बाद करून गेल्या.

टॉयलेटची सोय अजून नाही. जवळच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या एका आजींनी त्यांचं दार उघडं ठेवलंय, सध्या तेवढंच.

या रविवारी मैदानावर अंडरआर्मची टुर्नामेंट आहे, मंडप पडलाय, स्पीकर आलेत. सहा ते सातचं काय, असं विचारलं तर आयोजक म्हणाले, "सोमवारी बघू." चुन्याची अर्धी पिशवी माझ्या बाल्कनीत ठेवलीय. खालच्या मजल्यावरून रोज एक मेसेज येतो, 'ताई, आज?'